टाचण वहीत आधी शेवटचा प्रश्न लिहा : पाठाचं नियोजन, पायरी पायरीने

पाचवीचा वर्ग. फळ्यावर १/२ + १/३. दुसऱ्या बाकावरची मुलगी ऐटीत उठली आणि उत्तर लिहून गेली : २/५. मी विचारलं, "कसं काढलंस?" ती म्हणाली, "मॅडम, वरचे वर मिळवले, खालचे खाली मिळवले." वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांच्या वहीत तेच उत्तर होतं.

त्या दिवसाचं माझं टाचण, म्हणजे पाठाचं लेखी नियोजन, सुवाच्य अक्षरात पूर्ण होतं. उद्दिष्ट होतं, शैक्षणिक साहित्य होतं, प्रस्तावना, विषय प्रतिपादन, उपयोजन, स्वाध्याय, सगळे रकाने भरलेले. मुलं या जागी चुकणार आहेत, एवढं मात्र त्यात कुठेच नव्हतं. नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात, जिल्हा परिषद शाळेत घडलेला हा प्रसंग. तेव्हापासून मी टाचण लिहिण्याचा क्रमच उलटा केला. तासिकेच्या शेवटी मुलांना कोणता एक प्रश्न विचारणार, ते आधी लिहायचं आणि बाकी सगळं त्या प्रश्नापर्यंत पोचण्यासाठी मांडायचं. खाली जे लिहिते आहे ते मुख्यतः पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी आहे. त्यातही ज्यांच्याकडे दोन-दोन वर्ग आहेत आणि जूनमध्ये ज्यांची नव्याने नेमणूक झाली आहे, ते डोळ्यांसमोर आहेत.

सुरुवात दिनदर्शिकेपासून

बहुतेक जण वार्षिक नियोजन करताना पुस्तकाची अनुक्रमणिका घेतात आणि पाठ महिन्यांमध्ये वाटून टाकतात. मी आधी दिवस मोजते. शिक्षण हक्क कायद्याने, म्हणजे २००९ च्या आरटीईने, पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवलं आहे. सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास. शिक्षकाने आठवड्याला ४५ तास काम करायचं आहे आणि त्यात पूर्वतयारीचे तासही धरलेले आहेत. पूर्वतयारी हा कामाचाच भाग आहे असं कायदाच म्हणतो. घरी रात्री जागून चोरून करायची ती गोष्ट नव्हे.

आता हे २०० दिवस आपल्या गावच्या कॅलेंडरवर ठेवून बघा. नाशिक जिल्ह्यात एका तालुक्याचं वर्ष दुसऱ्यासारखं नसतं. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या भागात जुलैत भाताची आवणी आणि नागलीची लावणी सुरू झाली की मोठी मुलं शेतात आणि त्यांच्या मागची धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी. ओढ्याला पाणी आलं की पलीकडच्या पाड्यावरची मुलं येतच नाहीत. दिंडोरी-निफाडकडे सप्टेंबर-ऑक्टोबरात द्राक्षाची गोडी छाटणी, जानेवारीपासून काढणी. चांदवड, देवळा, सटाण्याकडे डिसेंबर-जानेवारीत उन्हाळ कांद्याची लागवड, मार्चपासून काढणी. दिवाळीनंतर पेठ-सुरगाण्याची कुटुंबं द्राक्षबागांच्या कामाला खाली उतरतात. एका शाळेचा पट कमी होतो, दुसऱ्या शाळेच्या दारात नवी मुलं उभी राहतात. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तीनाथांची यात्रा, चैत्रात आणि नवरात्रात वणीचा गड, शिवाय गावची जत्रा आणि आठवडे बाजाराचा वार. नाशिक शहर आणि त्र्यंबकच्या शाळांनी तर २०२७ च्या सिंहस्थासाठी वेगळा विचार आत्तापासून करावा. २०१५ मध्ये ऑगस्ट-सप्टेंबरात पर्वण्या होत्या आणि २०२७ च्याही मुख्य पर्वण्या त्याच महिन्यांत आहेत. पहिल्या सत्राचा गाभाच त्यात येतो.

हे सगळं एका मोठ्या कागदावर पेन्सिलीने लिहा. शाळेत जुने शिक्षक असतील तर त्यांना विचारा, नाहीतर स्वयंपाक करणाऱ्या ताईंना विचारा. कोणत्या आठवड्यात खिचडी उरते ते त्यांना नेमकं माहीत असतं. मागच्या वर्षीचं हजेरीपत्रक काढून महिन्याची सरासरी उपस्थिती त्या कागदावर टाका. हा अर्ध्या दिवसाचा उद्योग आहे, पण पुढचं सगळं यावर उभं राहतं.

मग आकडेमोड. समजा पहिल्या सत्रात गणिताच्या कागदावर ९५ तासिका दिसतात. प्रशिक्षणं, शिक्षण परिषद, चाचण्या, स्पर्धा, अचानक मागवलेली माहिती यांच्यासाठी मी त्यातला पाचवा हिस्सा आधीच बाजूला काढते. गेल्या १९, उरल्या ७६. त्यातल्या १२ उजळणीसाठी राखून ठेवायच्या. शिकवायला हातात ६४. घटक आठ असतील तर प्रत्येकी आठ, असा सरळ भागाकार करू नका. अपूर्णांकाला बारा लागतील, कोनाला पाचात भागेल. अवघड घटक भर उपस्थितीच्या आठवड्यांत बसवा आणि गळतीच्या आठवड्यांत असं काही ठेवा जे एखाद्याचं हुकलं तरी पुढचं अडणार नाही. पाठ्यपुस्तकातला क्रम थोडा मागेपुढे झाला तर आभाळ कोसळत नाही. फक्त एकावर एक उभे असलेले घटक उलटे करू नका. गुणाकार झाल्याशिवाय सममूल्य अपूर्णांक नको.

घटक हाती घेतल्यावर : आधी स्वतः विद्यार्थी व्हा

घटक सुरू करण्यापूर्वी तो पूर्ण वाचायचा. उद्या लागणारं एक पान वाचून भागत नाही, पहिल्या ओळीपासून शेवटच्या स्वाध्यायापर्यंत सगळं. आणि सगळी उदाहरणं कोऱ्या कागदावर स्वतः सोडवायची. हे काम अनुभवी शिक्षकही टाळतात, कारण पाचवीचं गणित आपल्याला येतंच. पण हाताने सोडवताना जे दिसतं ते वाचताना दिसत नाही. तिसऱ्या उदाहरणात एकदम छेद वेगळे आले, पाचव्यात उत्तर एकापेक्षा मोठं आलं, सातव्यात भाषाच अवघड आहे. जिथे जिथे मूल थबकेल असं वाटतं, तिथे पुस्तकात समासात एक फुली मारते. एका घटकात साधारण चार-पाच फुल्या पडतात. माझ्या दृष्टीने खरं घटक नियोजन या फुल्यांचंच. बाकीचं मुलं थोड्या मदतीने स्वतः वाचू शकतात.

भाषेच्या पाठातही हेच. सुरगाण्याला असताना माझ्या वर्गातल्या मुलांची घरची बोली कोकणा होती. कळवण, बागलाण, मालेगावकडे गेलात तर अहिराणी भेटेल. पाठातल्या कुठल्या शब्दांना घरी वेगळा शब्द आहे, ते आदल्या दिवशी मुलांनाच विचारायचं आणि दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहून वर्गात लावायचे. पहिली-दुसरीत याने फार फरक पडतो. मूल गप्प बसतं तेव्हा बऱ्याचदा त्याला उत्तर येत असतं, पण पुस्तकातला शब्द सापडत नसतो.

शेवटचा प्रश्न

टाचणाच्या रकान्यात आपण लिहितो : "विद्यार्थ्यांना भिन्नच्छेद अपूर्णांकांची बेरीज समजेल." समजली की नाही हे दिसणार कशात? "समजेल", "आकलन होईल", "गोडी निर्माण होईल" ही क्रियापदं मी दैनिक टाचणातून काढून टाकली आहेत. त्यांच्या जागी डोळ्यांना दिसणारी क्रियापदं ठेवली : मोजेल, काढेल, कापून दाखवेल, स्वतःच्या शब्दांत सांगेल, दोनांतलं मोठं निवडेल आणि का ते सांगेल. आपल्याकडच्या अध्ययन निष्पत्तीही, म्हणजे शिकून झाल्यावर मुलाला काय करता यायला हवं ती विधानं, बहुतेक याच भाषेत लिहिलेल्या आहेत. आपण त्यांचे नुसते क्रमांक उतरवून घेतो, म्हणून त्या निरुपयोगी वाटतात. निष्पत्ती ही साऱ्या घटकाची असते, कधी कधी साऱ्या वर्षाची. तिचा आजचा घास किती, ते आपण ठरवायचं.

तो घास म्हणजे शेवटचा प्रश्न. अपूर्णांकांच्या त्या पाठासाठी मी पुढच्या वर्षी लिहिला तो असा : "१/४ + १/३ किती? उत्तर अर्ध्यापेक्षा मोठं येईल की लहान, ते आधी सांग. मग काढून दाखव."

यात तीन गोष्टी सांभाळल्या आहेत. हा प्रश्न वर्गात घेतलेल्या उदाहरणांपैकी नाही, त्यामुळे पाठांतरावर सुटणार नाही. नियम लावण्याआधी अंदाज करायला लावतो. आणि तीन मिनिटांत, एका चिठ्ठीवर, प्रत्येक मुलाला एकट्याला सोडवता येतो. सगळ्या वर्गाने एका सुरात "हो मॅडम" म्हणणं हा पुरावा नाही. पहिल्या बाकावरच्या तिघांनी उत्तर देणं हाही नाही. पटावरच्या प्रत्येकाच्या हातचं काहीतरी आपल्या हातात आलं पाहिजे. चिठ्ठी, पाटी, कापलेली पट्टी, काहीही चालेल.

शेवटचा प्रश्न लिहिता येत नसेल तर ओळखावं की पाठात काय शिकवायचं ते अजून आपल्याच मनात ठरलेलं नाही. अशा वेळी साहित्य शोधत बसू नका. परत पुस्तक उघडा.

आदल्या दिवशीचे दोन प्रश्न

पूर्वज्ञान हा टाचणातला सर्वांत उपेक्षित रकाना आहे. "विद्यार्थ्यांना अपूर्णांक माहीत आहेत" असं लिहून आपण पुढे जातो. खरोखर माहीत आहेत का, हे आदल्या दिवशी सुट्टीपूर्वी पाच मिनिटांत कळतं. मी दोन प्रश्न देते. एक मागच्या इयत्तेतला, एक कालच्या पाठातला. इथे एक होता : अर्ध्याला सममूल्य असे दोन अपूर्णांक लिहा. दुसरा : १/३ आणि १/४ यांत मोठा कोणता? "चार मोठा, म्हणून १/४ मोठा" असं लिहिणारी मुलं निघाली, तर उद्याची बेरीज उद्या घेण्यात अर्थ नाही. एक दिवस मागे जायचं. तो दिवस वाया जात नाही, पुढचे चार दिवस वाचवतो. पाचवा हिस्सा बाजूला काढला होता तो यासाठीही.

पस्तीस मिनिटांची मांडणी

हर्बार्टची पंचपदी, म्हणजे पाठाच्या पाच ठरलेल्या पायऱ्या, आपण सगळे डीएडला शिकलो. तिच्यात वाईट काही नाही. एकच सवय मी मोडली, आधी नियम सांगून मग उदाहरणं देण्याची. मुलं आधी अडली पाहिजेत. अडल्यावर सांगितलेला नियम त्यांना हवासा वाटतो.

तोच पाठ पुढच्या वर्षी कसा मांडला ते मिनिटांसकट सांगते.

पहिली चार मिनिटं भाकरीची. "ताटात अर्धी भाकरी आहे. आईने अजून एक तुकडा वाढला. आता भाकरी अर्धीपेक्षा जास्त झाली की कमी?" सगळे जास्त म्हणतात. मग फळ्यावर १/२ + १/३ = २/५ लिहिते आणि म्हणते, "मागच्या वर्षी एका मुलीने असं उत्तर काढलं होतं. दोन छेद पाच हे अर्ध्यापेक्षा मोठं की लहान?" हे ठरवायला सहा मिनिटं. कोणी भाकरी काढून पाच भाग करतं, कोणी म्हणतं पाचाचा अर्धा अडीच, दोन त्याच्यापेक्षा कमी. वर्गात गलका होतो. वाढलेली भाकरी कमी कशी झाली, हा प्रश्न आता मुलांचा होतो.

पुढची बारा मिनिटं पट्ट्यांची, आणि पाठाचा जीव इथे आहे. चौकटीच्या वहीचे कागद कापून पट्ट्या केलेल्या असतात. काही गटांना सहा चौकोनांची पट्टी, काहींना बारा चौकोनांची, आणि दोन गटांना मुद्दाम दहा चौकोनांची. काम सगळ्यांना एकच : पट्टीचा अर्धा भाग पिवळा रंगवा, उरलेल्यात पट्टीचा तिसरा हिस्सा हिरवा रंगवा, एकूण किती चौकोन रंगले ते सांगा. सहावाल्यांचे तीन आणि दोन मिळून पाच. बारावाल्यांचे सहा आणि चार मिळून दहा. दहावाल्यांचा अर्धा सहज निघतो, पाच चौकोन. तिसरा हिस्सा काही केल्या निघत नाही. ती मुलं पट्टी उलटसुलट करतात, शेजारच्या गटाकडे बघतात, एखादा चौकोनाचे तुकडे करायला लागतो. मी काही बोलत नाही. मग कुणीतरी म्हणतं, "मॅडम, आमची पट्टी चुकीची आहे. दहाचे तीन समान भाग होत नाहीत. आम्हाला पण बाराची द्या."

त्या एका वाक्यासाठी सगळा पाठ रचलेला असतो. ज्या संख्येचे दोनही भाग होतात आणि तीनही भाग होतात अशी पट्टी हवी. समच्छेद करणं म्हणजे हेच. आता फळ्यावर पाच मिनिटं : पाच छेद सहा, दहा छेद बारा, दोन्ही एकच, आणि मग रीत. शब्द, नियम, मांडणी सगळं इथे येतं, मुलांनी जे हाताने केलं त्याला नाव म्हणून. नंतर पाच मिनिटं स्वतंत्र सराव, एकच उदाहरण, २/३ + १/४, पट्टी हवी असेल तर घ्यायची, नको असेल तर नको. शेवटची तीन मिनिटं चिठ्ठी.

बेरीज केलीत तर पस्तीस मिनिटं झाली. तास कमी पडला तर काय सोडायचं, हेही टाचणात आधीच लिहिलेलं असावं. मी सराव सोडते. शेवटचा प्रश्न सोडत नाही.

प्रश्न आणि फळा

वर्गात ऐन वेळी सुचणारे प्रश्न बहुधा "हो की नाही" छापाचे असतात. म्हणून पाठातले तीन महत्त्वाचे प्रश्न मी शब्दशः लिहून ठेवते. "कसं कळलं?", "असं नसतं तर?", "याचं उत्तर चुकलं असेल तर कुठे चुकलं?" या जातीचे. विचारल्यावर थांबायचं. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांतली ध्वनिमुद्रणं तपासून दाखवलं की शिक्षक प्रश्न विचारून साधारण एकच सेकंद थांबतात. हाच वेळ तीन सेकंदांवर नेला की मुलांची उत्तरं लांब होतात आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागतात. मी मनात "एक नाशिक, दोन नाशिक, तीन नाशिक" म्हणते. पहिल्या आठवड्यात ती शांतता फार जड जाते, नंतर सवय होते.

फळ्याचंही छोटं चित्र टाचणात काढा. डावीकडे दिवसभर राहणारं, म्हणजे नवे शब्द आणि मुख्य आकृती. मधे सोडवण्याची जागा. उजवीकडे मुलांसाठी मोकळा पट्टा. तास संपताना फळ्याकडे पाहून पाठ पुन्हा सांगता आला पाहिजे.

दोन वर्ग, एक शिक्षक

द्विशिक्षकी शाळेत वरचं सगळं कसं जमणार, असं तुम्ही म्हणाल. सुरगाण्यात मी तिसरी-चौथी एकत्र घेत होते. सुरुवातीला वीस मिनिटं इकडे, वीस मिनिटं तिकडे, आणि "तोवर तुम्ही पाठ उतरवून काढा". उतरवणारी मुलं काही शिकत नव्हती, फक्त गप्प बसत होती. नंतर दोन्ही वर्गांसाठी एकच विषयवस्तू शोधायला लागले.

पाणी घेतलं. पहिली दहा मिनिटं दोन्ही वर्ग एकत्र : काल घरी किती हंडे पाणी भरलं, कुणी भरलं, कुठून आणलं. प्रत्येकाचा आकडा फळ्यावर. मग फाटा फुटतो. तिसरीने पाच घरांचे हंडे मिळवायचे आणि कोणत्या घरी जास्त, किती जास्त, ते काढायचं. चौथीने एक हंडा १५ लिटरचा धरून एका घराचं दिवसाचं आणि आठवड्याचं पाणी काढायचं. मी आधी चौथीजवळ बसते, कारण त्यांचा गुणाकार नवा आहे. तिसरी जोडीजोडीने काम करते. बारा मिनिटांनी अदलाबदल. शेवटी पुन्हा एकत्र, चौथीच्या एका मुलाने तिसरीला आपलं उत्तर समजावून सांगायचं. त्याला ते सांगता आलं की माझी तपासणीही होते.

टाचणात यासाठी तीनच रकाने आखते : सगळे मिळून, मॅडमसोबत, आपलं आपण. "आपलं आपण" या रकान्यातल्या कामाचं उत्तर मुलांना स्वतः ताडून पाहता आलं पाहिजे, नाहीतर दर दोन मिनिटांनी "मॅडम, बरोबर आहे का?" ऐकू येतं. उत्तरपत्रिका कोपऱ्यात उलटी ठेवली तरी पुरते.

एकाच इयत्तेतही मुलं तीन ठिकाणी उभी असतात. निपुण भारत अभियान २०२१ मध्ये सुरू झालं ते यासाठीच, की तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता आणि साधं गणित करता यावं. पण वरच्या वर्गात जी मुलं यातून सुटून आली आहेत, त्यांचं काय? त्यांच्यासाठी वेगळं टाचण लिहिणं एका माणसाच्या आवाक्यात नाही. मी त्याच कामाला दोन दारं ठेवते. अडणाऱ्याला पट्टी, चित्र, छोटी संख्या; पुढे गेलेल्याला "आता असंच एक उदाहरण तू तयार कर, ज्याचं उत्तर बरोबर एक येईल." दुसरं काम वाटतं त्यापेक्षा अवघड आहे. त्यात हुशार मूलही दहा मिनिटं रमतं.

साहित्य

याबद्दल थोडंच. जे साहित्य मुलांच्या हातात जात नाही ते भिंतीची शोभा. चिंचोके, काड्या, बाटल्यांची झाकणं, जुन्या लग्नपत्रिका, दोरी, घरातला वजनकाटा यांवर प्राथमिकचं बरंचसं गणित आणि विज्ञान चालतं. सरकारच्या दीक्षा अॅपवरचे व्हिडिओ आणि पुस्तकातले क्यूआर कोड उपयोगी आहेत, पण घाटाखालच्या पाड्यांत नेटवर्क मिळेलच असं नाही. आदल्या दिवशी डाउनलोड करून ठेवा, स्वतः पूर्ण पाहा, आणि कुठे थांबवून काय विचारणार ते लिहा. पाठाची जागा व्हिडिओला देऊ नका.

परिसर हाताशी असताना त्याचं चित्र दाखवणं मला पटत नाही. निफाडकडच्या शाळांना नांदूरमध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य जवळ आहे. रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेलेलं ते राज्यातलं पहिलं ठिकाण; २०२० मध्ये ते जाहीर झालं. पक्ष्यांच्या चोची आणि त्यांचं खाणं हा पाठ तिथे हिवाळ्यात घ्यावा. लासलगाव बाजार समितीच्या आजूबाजूच्या मुलांना क्विंटल म्हणजे काय ते सांगावं लागत नाही, त्यांच्या घरच्या कांद्याच्या पावतीवर सहावीचं निम्मं गणित असतं. पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडला शिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं चारणाऱ्या मुलांसाठी कुरणावरच शाळा भरवली. मुलं जिथे आहेत तिथून नियोजन सुरू करायचं, हे महाराष्ट्रात त्यांनी करून दाखवलं आहे.

जी मुलं आज नाहीत

हा भाग मला फार जवळचा आहे. दिवाळीनंतर स्थलांतर होणार हे ठाऊक असतं, तरी नियोजनात त्याला जागा नसते. जाणाऱ्या मुलाला शिक्षण हमी कार्ड द्यायचंच, म्हणजे तिकडच्या शाळेत प्रवेश अडत नाही. त्याच्यासोबत मी एक घडी घातलेला कागद देऊ लागले. त्यावर चारच ओळी : याला काय येतं, कुठे अडतं, आम्ही कोणत्या पाठापर्यंत आलो, कोणती बोली बोलतो. निफाडला आल्यावर मी दुसऱ्या बाजूला गेले. माझ्याच वर्गात बागेवरची मुलं येऊ लागली, आणि असा कागद कुणी पाठवला असता तर माझे पंधरा दिवस वाचले असते, हे तेव्हा कळलं.

आठवडाभर गैरहजर राहून आलेल्या मुलासाठी दर सोमवारची पहिली पंधरा मिनिटं राखून ठेवा. तेव्हा बाकी वर्ग मागच्या आठवड्याचा सराव करतो आणि तुम्ही त्या चार-पाच जणांसोबत फक्त फुलीच्या जागा घेता. सगळा पाठ पुन्हा शिकवायचा नसतो.

तास संपल्यावरच्या दोन ओळी

चिठ्ठ्या जमा झाल्या की तीन ढीग करा : जमलं, थोडं राहिलं, नाही जमलं. तीस चिठ्ठ्यांना पाच मिनिटं पुरतात. गुण देऊ नका, वहीत नुसते आकडे लिहा आणि खाली हिरव्या पेनाने दोन ओळी. एक, काय चाललं. दोन, पुढच्या वेळी काय बदलायचं. शेवटच्या ढिगात वर्गाचा तिसरा हिस्सा असेल तर उद्या पुढे जाऊ नका. तीन-चारच मुलं असतील तर त्यांना परिपाठानंतर जवळ घ्या.

उजळणीच्या ज्या बारा तासिका राखल्या, त्या सत्राच्या शेवटी एकत्र ढकलू नका. शिकलेलं पहिल्या काही दिवसांतच झपाट्याने विसरतं, हे हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून मांडलं. मी दुसऱ्या दिवशी एक प्रश्न, आठवड्याने एक, महिन्याने एक, असे जुन्या चिठ्ठ्यांतलेच प्रश्न परत आणते. शनिवारी सकाळची शाळा असते, मुलं ताजी असतात. तो वार यासाठी फार चांगला.

तयार टाचण आणि तपासणी

व्हॉट्सअॅपवर सगळ्या इयत्तांची टाचणं तयार मिळतात. नवीन शिक्षकाने ती पाहावीत, मांडणी कळते. पण जशीच्या तशी उतरवून काढण्यात जो तास जातो, तोच तास चिठ्ठ्या पाहण्यात घातला तर मुलांच्या पदरात काही पडेल. केंद्रप्रमुख किंवा विस्तार अधिकारी आले की हिरव्या ओळींची वहीच त्यांच्यासमोर ठेवते. विहित रकाने पहिल्या पानावर घटकापुरते एकदाच लिहिलेले असतात, आत रोजचं अर्धं पान. माझा अनुभव असा की, ज्याने वर्गात उभं राहून शिकवलेलं आहे तो अधिकारी "नाही जमलं : ९" हा आकडा बघून रागवत नाही, त्या नऊ जणांबद्दल विचारतो. कुणी आग्रहाने पूर्ण रकाने मागितले तर तेही भरून द्यावेत, पण शिकवायच्या वहीत मिसळू नयेत.

सगळ्या विषयांचं असं टाचण पहिल्याच महिन्यात करू जाल तर दमाल. एक विषय घ्या, त्यातला एक घटक घ्या. त्या घटकाच्या प्रत्येक तासिकेला शेवटचा प्रश्न, फुल्या, चिठ्ठ्या, दोन हिरव्या ओळी. दुसऱ्या सत्रात दुसरा विषय. वही जपून ठेवा, वर्ग बदलला तर पुढच्या शिक्षकाच्या हातात द्या. माझ्या अपूर्णांकाच्या पानावर आज चार वर्षांच्या हिरव्या ओळी आहेत. सर्वांत वरची अशी : "दहाची पट्टी कुठल्या गटाला देऊ? शांत मुलांच्या गटाला दिली तर ती बोलत नाहीत, तशीच बसून राहतात. पुढच्या वर्षी त्यांच्यात एक भांडणारं मूल बसवायचं."